निळीच्या रंगाची खिडकी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला टांगतात तसला नव्हे, फोटो काढताना माणसांच्या पाठीमागे लावतात तसला. तुमच्या आजी-आजोबांचा एखादा जुना फोटो घरात असेलच. त्यात मागे कुठे महाल असतो, कुठे कमळांचं तळं, कुठे नुसतेच ढग. ती सगळी माझीच भावंडं. फोटो बघणारे चेहरे बघतात, नेसलेली साडी बघतात, आजोबांच्या मिशा बघून हसतात. आमच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. याचं मला पूर्वी फार वाईट वाटे. पण त्याहून मोठं दुःख पुढे वाट्याला आलं आणि हे लहान दुःख मी विसरलो.

माझा जन्म घाना देशातल्या कुमासी शहरात, आसाफो वस्तीत झाला. जन्माने मी पिठाची पोती. आजेवा नावाच्या एका तरुण बाईने बेकरीतून रिकामी सुती पोती आणली, उसवली, उकळत्या पाण्यात धुतली आणि हातमशिनवर एकाला एक जोडली. मग कसाव्याच्या कंदाची घट्ट खळ लावून मला उन्हात ताणून वाळवलं. माझ्या पाठीवर पीठगिरणीचं नाव अजून पुसट दिसतं. मोठ्या घराण्यात जन्मलो असं मी कधीच म्हणत नाही.

मला रूप दिलं ते आजेवाच्या नवऱ्याने, बाडूने. बाडू मालमोटारींच्या फळ्यांवर सुविचार रंगवायचा, न्हाव्यांच्या पाट्यांवर तऱ्हातऱ्हांची डोकी काढायचा, सिनेमा लागला की त्याचं भलंमोठं चित्र रंगवून द्यायचा. तेव्हाचं आमचं सगळं शहर अशाच माणसांनी रंगवलेलं होतं. पण त्यांना कुणी चित्रकार म्हणत नसे. 'रंगवाला' म्हणत. बाडूला याचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, "नाव काहीही घ्या, पण रंग सुकेपर्यंत हात लावू नका."

फोटो स्टुडिओचे मालक क्वार्तेंग. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी बाडूला बोलावून सांगितलं, "हे बघ, गिऱ्हाइकाच्या घरी जे जे नाही, ते सगळं या पडद्यावर काढ."

"मग मास्तर, पडदा पुरायचा नाही," बाडू म्हणाला.

तरी त्याने पुष्कळ मावेल असं केलं. मधोमध दुमजली पांढरं घर, त्याला वर जाणारा जिना, वरच्या मजल्यावर एक उघडी खिडकी, आकाशात विमान, आणि एका बाजूला दार उघडलेला फ्रिज. फ्रिज बाडूने फक्त लांबून पाहिला होता. आत काय असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने बाटल्या काढल्या, फळं काढली आणि एक जिवंत कोंबडी काढली.

मास्तर म्हणाले, "अरे शहाण्या, फ्रिजमध्ये जिवंत कोंबडी?"

"तुम्हीच म्हणता ना, आत सगळं ताजं राहतं म्हणून?"

ती कोंबडी माझ्यावर अजून आहे. तिने मला फार नाव मिळवून दिलं. लांबलांबच्या गावांहून लोक येत. बायका नवं कापड नेसून फ्रिजच्या मुठीवर अलगद हात ठेवत आणि मान वळवून उभ्या राहत, जणू आताच थंड पाणी काढायला आल्या आहेत. पुरुषांना विमान हवं असे. "जरा डावीकडे सरका, साहेब, विमान तुमच्या कानात घुसतंय," असं मास्तर ओरडले की बाहेर बाकावर बसलेली माणसं खो खो हसत. एका मुलीचा विमानाखालचा फोटो गावी पोचला आणि तिच्या आईने पोरगी परदेशी गेली म्हणून गावजेवण घातलं. पोरगी इथेच बाजारात मासे विकत होती! फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असे, मास्तरांचं नाव असे. बाडूचं नाव कुठेच नसे. तेव्हा ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाडू आणि आजेवाला एक मुलगी होती. तिचं नाव पोकुआ. बाडू स्टुडिओच्याच आवारात आपल्या पाट्या रंगवायचा; दुपारी आजेवा त्याचं जेवण घेऊन यायची तेव्हा ही पायरीवर बसून वरची चकती कापलेलं संत्रं चोखत बसायची. अंगात नेहमी एक पिवळा फ्रॉक. त्याचं मधलं बटण तुटलेलं होतं, कारण बोलता बोलता ते पिळायची तिला खोड होती. ती माझ्याशी बोलायची. "तुझी कोंबडी अंडी घालते का रे?" असं एकदा तिने मला विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही, पण आजही तो प्रश्न आठवला की माझे शिवलेले सांधे हलतात.

बाडू मास्तरांना म्हणायचा, "एकदा पोरीचा फोटो काढा ना."

"घरचीच पोर आहे. कधीही काढू. आधी बाहेरचं गिऱ्हाईक आटपू दे."

बाडूलाही ते पटायचं. आजेवा म्हणायची, बटण लावते आणि मग काढू. असं करता करता राहून गेलं. शहरातल्या अर्ध्या पोरांचे फोटो त्या कॅमेऱ्याने काढले, पण त्याच्यासमोर रोज खेळणाऱ्या पोरीचा एकही काढला नाही.

मग गोवराची साथ आली आणि पोकुआ गेली.

मित्रांनो, आमच्या लोकांत एक जुनी रीत होती. बाईचं पहिलंच मूल दगावलं तर तिने रडायचं नाही. डोकं भादरायचं, पांढरं नेसायचं, सणाला घालतात तसे मणी गळ्यात घालायचे आणि नवरा-बायकोने शेंगदाण्याचं सूप पोटभर जेवायचं. मृत्यूला दाखवायचं की आम्हाला काही झालेलं नाही. रडलं की त्याला चटक लागते आणि तो पुढच्या मुलांनाही नेतो, असं म्हातारी माणसं सांगत. मोठ्यांसारखी दिवसकार्यं नाहीत, लाल-काळी वस्त्रं नाहीत, बायकांचा आक्रोश नाही. आजेवाच्या मावशीने तिच्यासमोर वाडगं ठेवलं आणि म्हणाली, "जेव बाई. पुढच्यांसाठी जेव. डोळ्यांतून टिपूस काढू नकोस." आजेवा जेवली. सगळं वाडगं संपवलं. हे मला बाडूने सांगितलं, म्हणजे काम करताना तो स्वतःशीच बोलायचा तेव्हा मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी तो आला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं कापड. शिडी लावली आणि माझ्या वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीत रंगवायला लागला. पिवळा रंग त्याने इतका जाड थापला की मला तो ओझ्यासारखा जाणवला. फ्रॉकची बटणं म्हणून रंगाचे टपोरे ठिपके दिले. डावा हात खिडकीच्या कठड्यावर, हातात संत्रं. शेवटी डोळे काढले. मग शिडीवरच बसून राहिला आणि ब्रशवरचा रंग वाळून गेला.

दुपारी आजेवा डबा घेऊन आली. तिने वर पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती म्हणाली, "मधलं बटण का रंगवलंस? ते तुटलं होतं ना."

बाडू पुन्हा शिडी चढला आणि नखाने तो ठिपका खरवडून काढला. तिथे एक लहानसा खळगा राहिला.

"आता ती दिसतेय," आजेवा म्हणाली.

मास्तरांनी पाहिलं. "राहू दे," एवढंच म्हणाले. त्यानंतर जो जो फोटो निघाला त्यात माणसांच्या खांद्यामागे, वरच्या खिडकीत, पोकुआ होती. नुकतं लग्न झालेली जोडपी, नवा गणवेश घातलेला पोलीस, बारशाची बाळं, सगळ्यांच्या मागे ती संत्रं घेऊन बघत होती. फोटो शहरभर पसरले, खेडोपाडी गेले, भिंतींवर लागले. जिचं कुणी दुःखही केलं नाही ती सगळ्यांच्या आनंदात हजर राहू लागली. मी तेव्हा इतका ताठ उभा राहायचो की मास्तर म्हणत, हल्ली पडद्याला सुरकुती पडत नाही. माझ्या आयुष्यातले तेच खरे चांगले दिवस.

ते फार टिकले नाहीत. एका नवरीबरोबर तिची आत्या आली होती. ती याच वस्तीतली. फोटो हातात पडला आणि ती किंचाळली, "ही तर बाडूची मेलेली पोर! लग्नाच्या फोटोत मेलेलं मूल? माझ्या भाचीची कूस उजवायची आहे अजून!" वाऱ्यासारखी ही गोष्ट बाजारभर पसरली. लोक दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागले. फोटो परत आणून टाकू लागले.

मास्तर वाईट नव्हते. त्यांनी बाडूसमोर मान खाली घालून सांगितलं, "माझीही पोरं जेवायला बसतात रे. ती खिडकी बंद कर."

बाडूने हो म्हटलं. पण त्याने तेलरंगाचा डबा उघडलाच नाही. घरून कपड्यांची नीळ आणि खडूची भुकटी आणली, पाण्यात कालवली आणि त्याने खिडकीला निळी दारं रंगवली. आजेवा खाली उभी होती. शिडी उतरून तो तिला हळूच म्हणाला, "कच्चा रंग आहे. ओलं फडकं फिरवलंस की निघेल. मी खिडकी लावलीय, पोरीला पुसलेलं नाही."

आजेवा म्हणाली, "झोपू दे तिला."

ती रोज येत राहिली. नवऱ्याला वाढायची आणि त्या निळ्या दारांकडे बघत बसायची. रीत पाळून न रडलेल्या त्या बाईला पुढे मूल झालंच नाही. शेंगदाण्याचं ते सूप फुकट गेलं. मला राग येतो, मित्रांनो. रीत पाळणाऱ्यांवर येत नाही, त्या बापड्या भ्यालेल्या होत्या. पण राग येतो खरा.

वर्षं गेली. बाडूच्या छातीत रंगांच्या वाफा बसल्या होत्या. तो खोकत खोकत एका पावसाळ्यात गेला. आमच्याकडे नवरा गेला की बाईने वर्षभर काळं नेसून घरी बसायचं. आजेवा बसली. त्या वर्षात रंगीत फोटो आले, रंगवलेले पडदे जुनाट वाटू लागले. मास्तरांनी धबधब्याचं छापील चित्र भिंतीला चिकटवलं आणि मला बाजारातल्या एका कोनफळं विकणाऱ्या बाईला देऊन टाकलं. वर्ष संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी आजेवा स्टुडिओत आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. समोर धबधबा होता.

मास्तर म्हणाले, "आजेवा, मला काय माहीत गं? तू कधी बोलली नाहीस."

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी मोठ्या बाजारात कोनफळांच्या ढिगावर पालथा पडलो होतो. रंगवलेली बाजू आत, गिरणीचं नाव बाहेर. उंदरांनी माझा जिना कुरतडला. मातीने विमान झाकलं. त्या बाईच्या पश्चात तिच्या मुलीने, फ्रेमाने, धंदा चालवला आणि मीही वारशात गेलो. मला कुणी वाईट वागवलं असं नाही. पोत्याला पोत्यासारखं वागवलं, एवढंच. आपल्या आत एक मूल झोपलेलं आहे हे फक्त मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

मग अडोमा आली. ही कलेच्या कॉलेजात शिकणारी मुलगी, घरोघर फिरून जुने फोटो गोळा करायची. तिच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या घरांतल्या फोटोंत मागच्या खिडकीत एकच पोरगी आहे, तोच हात, तेच संत्रं. राजधानीत अशा फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे फोटोग्राफरचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली 'पडदा: अज्ञात' असं लिहिलेलं तिने पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. "अज्ञात म्हणजे काय? कुणीतरी शिडी चढलंच असेल ना?" असं ती तिथल्या साहेबांना म्हणाली. मागचा शिक्का बघून ती म्हाताऱ्या क्वार्तेंग मास्तरांकडे गेली, मास्तरांनी आजेवाचं घर दाखवलं आणि मला कुणाला दिलं तेही सांगितलं.

एका सकाळी माझ्यावरची कोनफळं बाजूला झाली. फ्रेमा कुरकुरत होती, "एवढी शिकलीस आणि फाटकी पोती मागायला आलीस? माझ्या मालावर मग काय घालू, तुझी ओढणी?"

"नवी ताडपत्री देते, मावशी. पण हलक्या हाताने उलगडा."

त्यांनी मला दोन खांबांना बांधलं. इतक्या वर्षांनी पुन्हा उभा राहिलो. समोर आजेवा होती. पाठीत वाकलेली, हातात काठी. तिचे डोळे माझ्याकडे होते पण मला बघत नव्हते. मला समजायला वेळ लागला. तिची दृष्टी गेली होती.

अडोमाने तिचा हात धरून माझ्या वरच्या मजल्यापर्यंत नेला. मी खाली लोंबत होतो, म्हणून तो पोचला. आजेवाने कमरेच्या कापडाचं टोक फ्रेमाच्या बादलीत भिजवलं आणि निळ्या दारांवर फिरवलं. हळूहळू, आई लेकराचं तोंड पुसते तसं. नीळ तिच्या मनगटावरून ओघळली.

"आली का?" तिने विचारलं.

अडोमाने जवळ वाकून पाहिलं. ओल येऊन येऊन माझं तिथलं कापड सडलं होतं. नीळ निघाली तसा पोकुआचा निम्मा चेहराही निघून आला होता. मी काय करू शकत होतो?

"आजी, फ्रॉक आहे. हात आहे, संत्रं आहे. एक डोळा आहे. चेहरा बराचसा गेलाय."

"चेहरा माझ्यापाशी आहे. फ्रॉकवर बटणं आहेत का बघ."

आणि अडोमाने सांगायच्या आधीच तिचं बोट जाड पिवळ्या रंगावरून खाली उतरू लागलं. एक बटण लागलं. मग बोट थांबलं. तिथे खळगा होता. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं, आणि त्या खळग्यात टेकून राहिलं.

"इथलं नाहीये," आजेवा म्हणाली, "हीच ती. माझी पोकुआ."

आणि ती रडली. भर बाजारात, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने रडली.

फ्रेमा घाबरली. "आजी, अहो, पहिल्या मुलासाठी रडू नये. पुढच्यांना..."

"पुढचं कोण यायचंय आता, बाई? मी तिला सूप खाऊन निरोप दिलाय. आता तरी रडू दे मला."

फ्रेमाने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपली खाली ठेवली, कमरेचं लाल फडकं सोडून कपाळाला बांधलं आणि आजेवाशेजारी उभी राहून हंबरडा फोडला. टोमॅटोवाली आली, सुकी मासळी विकणाऱ्या आल्या. ज्यांनी पोकुआचं नावही ऐकलं नव्हतं, त्या बायका तिचं नाव घेऊन, तिच्या बापाचं नाव घेऊन, सूर लावून रडल्या. सोबत मोठ्यांसाठी म्हणतात ती शोकगीतं म्हटली. त्या सकाळी आमच्या कोनफळांच्या बाजारात एका लहान मुलीचं कार्य झालं. इतकी वर्षं उशिरा, पण झालं.

त्यानंतर अडोमाने आजेवाला माझ्यापुढे स्टुलावर बसवून फोटो काढला. म्हातारी लाल डोळ्यांनी सरळ समोर बघतेय आणि तिच्या खांद्यामागे खिडकी उघडी आहे. आई आणि मुलगी एकत्र असलेला तो एकच फोटो. पुढच्या हंगामात आजेवा गेली तेव्हा दारात तोच फोटो हार घालून ठेवला होता, असं अडोमा मला सांगत होती.

आता मी राजधानीतल्या एका मोठ्या दालनात असतो. खाली पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'चित्रकार: बाडू, कुमासी. शिलाई: आजेवा.' लोक थांबून वाचतात. शाळेची मुलं कोंबडी बघून हसतात. बाडू असता तर म्हणाला असता, रंग सुकलाय ना, मग लावा हात.

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो काढून बघा. माणसांच्या मागेही बघा. ते कुणी रंगवलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. आणि घरचंच पोर आहे, उद्या काढू, असं कुणाच्या बाबतीत म्हणू नका.

परवा इथे एक डागडुजी करणारे सज्जन आले होते. त्यांनी भिंग लावून मला तपासलं. जिन्यावरची उंदरांनी केलेली भोकं बुजवायचं ठरलं. मग ते खिडकीपाशी थांबले आणि बारीक ब्रश पिवळ्या रंगात बुडवून म्हणाले, "इथला एक ठिपका निघालाय. भरून टाकतो."

अडोमाने त्यांचा हात धरला म्हणून बरं. पण ती रोज इथे नसते. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी माझी काळजी घ्यायला आलात, तर एवढं ऐका. माझी धूळ झाडा, जिना शिवा, विमानही नवं करा हवं तर. पण ते बटण लावू नका.